कुर्डुवाडीचे यार्ड फळीवर

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. इंग्रजी 'वॅगन' आपल्या लोकांच्या जिभेवर रुळली आणि तिची वाघीण झाली. अशा आठ वाघिणी आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत दीड मीटर लांबीच्या एका फळीवर उभ्या आहेत. प्रत्येक वाघीण पावणेनऊ सेंटिमीटर लांब; पुठ्ठ्याची, आणि पोटात लोखंडी नट भरून जड केलेली. ज्या रुळांवर त्या उभ्या आहेत, ते रूळ म्हणजे कुर्डुवाडी जंक्शनच्या जुन्या यार्डाचा एक लहानसा तुकडा आहे. आज कुर्डुवाडीला गेलात तर तो तुकडा तुम्हांला तेथे सापडणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातले कुर्डुवाडी हे मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे स्थानक. हा मार्ग ब्रॉडगेजचा; त्याच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. १८९७ साली याच स्थानकापासून बार्शीपर्यंत एक छोटी रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांतले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. हीच ती बार्शी लाइट रेल्वे. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तिची एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने सारा मार्ग ब्रॉडगेज झाला. लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला जाताना मोठ्या गाडीतून उतरून या छोट्या गाडीत बसल्याचे मला चांगले आठवते. आजीच्या गाठोड्यांची संख्या दोन्ही गाड्यांत सारखीच असायची, बाके मात्र आखूड व्हायची!

काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी रेल्वेची प्रतिकृती करण्याची टूम आमच्या विद्यार्थ्यांनी काढली, तेव्हा मी कुर्डुवाडी सुचवली. मुलांनी महिनाभर खपून एक देखणी प्रतिकृती उभी केली. लंबवर्तुळाकार मार्ग, स्थानकाची इमारत, भुश्याला हिरवा रंग देऊन केलेले गवत, सिग्नलचे दिवे. इंजिन गोल गोल फिरत होते. बघणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. त्या गर्दीत एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर त्या यार्डात सांध्यांवर आणि शंटिंगवर काम करून निवृत्त झालेले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सर, गाडी झकास पळतीय. पण हिला काम काय? मोठ्या गाडीतला माल उतरवायचा कुठं, अन् छोटीत चढवायचा कुठं?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कुर्डुवाडीचे यार्ड ज्या कारणासाठी होते, नेमके तेच आमच्या प्रतिकृतीत नव्हते.

यार्ड म्हणजे काय?

जरा विचार करा. १६७६ मिलिमीटरच्या रुळांवरची वाघीण ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर जाऊच शकत नाही. म्हणून बार्शी-लातूरकडून आलेला कापूस, शेंगा, डाळ कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून बाहेर काढून मोठ्या वाघिणीत भरावी लागे, आणि मुंबईकडून आलेल्या मालाचा प्रवास उलटा होई. मोठ्या वाघिणीतला माल एकाच छोट्या वाघिणीत मावेलच असे नाही. एक मोठी वाघीण रिकामी होईपर्यंत शेजारी एकामागून एक छोट्या वाघिणी आणून लावायच्या, भरलेल्या बाजूला काढायच्या, पंढरपूरच्या एका रांगेत, लातूरच्या दुसऱ्या रांगेत. हे काढणे-घालणे म्हणजे शंटिंग. यार्ड हे त्यासाठीच असते. रूळ, सांधे, धक्के ही त्या कामाची हत्यारे होत.

त्या गृहस्थांनी आमच्या फळ्यावर खडूने आठवेल तसा आराखडा काढून दिला. मोठ्या मार्गाची एक सायडिंग, तिला लागून मालधक्का, धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला छोट्या मार्गाची सायडिंग आणि तिच्या जोडीला आणखी दोन. पोरांनी दुसऱ्याच दिवशी लंबवर्तुळ उखडून टाकले. गवतसुद्धा!

आता आली आकडेमोड. आम्ही प्रमाण धरले होते ८७ ला १, म्हणजे प्रत्यक्षात ८७ मीटर असेल तेथे प्रतिकृतीत १ मीटर. जगभर अनेक हौशी लोक हेच प्रमाण वापरतात. हा आकडा असा विचित्र का, म्हणून मुले विचारतात. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर असे ते प्रमाण आहे. फुटाचे मिलिमीटर ३०४.८, भागून पाहा.

मालगाडी थांबवायच्या लूप मार्गाची आपल्याकडची प्रमाण लांबी ६८६ मीटर. तिला ८७ ने भागले तर पावणेआठ मीटरांच्याही वर जाते. आमची सबंध प्रयोगशाळा तेवढी लांब नाही. सांध्यांचेही तेच. यार्डात नेहमी दिसणारा सांधा 'साडेआठास एक' असतो, म्हणजे साडेआठ मीटर पुढे गेल्यावर फाटा एक मीटर बाजूला सरकतो. शेजारच्या मार्गांच्या मध्यरेषांत सव्वाचार मीटर अंतर धरले, तर एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला छत्तीस मीटर लागतात. प्रतिकृतीत झाले साडेएकेचाळीस सेंटिमीटर, आणि तेही एकाच सांध्याला! आणि वळणे? ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त तीव्र वळण १० अंशांचे, त्याची त्रिज्या १७५ मीटर. प्रतिकृतीत दोन मीटर त्रिज्या, म्हणजे पूर्ण वळसा घ्यायला चार मीटर रुंद टेबल हवे.

छोट्या रेल्वेकडे वळलो तेव्हा मात्र जिवात जीव आला. नॅरोगेजवर ४० अंशांपर्यंतचे वळण चालते. त्याची त्रिज्या ४४ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत पन्नास सेंटिमीटर. हे टेबलावर मावते! अरुंद रूळ डोंगराळ किंवा गरीब मुलखात का टाकत, याचे उत्तर आम्हांला असे टेबलावरच मिळाले. वळण तीव्र घेता आले की टेकाडाला वळसा घालता येतो, खोदाई आणि भराव वाचतात.

म्हणून आम्ही ठरवले की मोठा मार्ग नुसता दाखवायचा, त्यावर दोन-तीन वाघिणी कायमच्या उभ्या करायच्या आणि सगळे काम छोट्या मार्गावर करायचे. रूळही सोयीचे मिळाले. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर. बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात. ते खरे तर १६० ला १ या दुसऱ्याच प्रमाणातल्या मोठ्या गाड्यांचे असतात. पण आमची चूक पावणेतीन टक्क्यांचीच झाली, आणि प्रयोगशाळेत तेवढी आम्ही रोज खपवून घेतो. सांधे मात्र साडेआठाऐवजी चारास एक केले. लांबी कापली, पण कोणता मार्ग कोणत्या मार्गाला जोडला आहे, यात काडीचाही बदल केला नाही. प्रतिकृतीत काय कापायचे आणि काय राखायचे, हे एकदा काम समजले की आपोआप सुचते.

जे लहान होत नाही

येथवर भूमिती झाली. खरी गंमत पुढेच आहे.

बार्शी लाइट रेल्वे बांधणारे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एक युक्ती केली होती. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये आणि तो सर्वत्र सारखा असावा, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचा हलका रूळ पुरला. आणि वाघिणी आठ चाकांच्या असल्याने मालही भरपूर वाहता आला. त्या वाघिणी २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद सांगाड्यांवर बांधलेल्या असत. हे गृहस्थ पुढे विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्र्याही करू लागले, पण तो निराळा विषय.

चार आस, प्रत्येकी पाच टन, म्हणजे भरलेली वाघीण २० टनांची. आता सांगा, प्रतिकृतीत तिचे वजन किती हवे? २० टनांना ८७ ने भागलेत तर उत्तर २३० किलो येईल! लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पट लहान झाल्या, म्हणून वजन ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ पट लहान. २०,००० किलोंना या आकड्याने भागा. अवघे ३० ग्रॅम.

आम्ही ३० ग्रॅमची वाघीण केली आणि ती सांध्यावर हटकून घसरू लागली. कारण शोधता शोधता दुपार गेली. हाताने ठोकलेल्या रुळाच्या जोडात अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा राहिला होता. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे? पण त्याला ८७ ने गुणा: सव्वाचार सेंटिमीटरांहून जास्त. खऱ्या रुळाला एवढी पायरी असती तर खरी गाडीही घसरली असती. आम्ही जोड कानशीने घासले, वाघिणीच्या तळाशी नट चिकटवून तिचे वजन ५५ ग्रॅमपर्यंत नेले आणि गुरुत्वमध्य खाली आणला. मग ती शहाण्यासारखी वागू लागली.

यापुढचा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. एक मीटर लांबीच्या फळीवर रूळ ठेवा, वर वाघीण ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. हलका धक्का दिल्यावर वाघीण न थांबता, न वेग वाढवता घरंगळू लागली की थांबा. आमची फळी अडीच सेंटिमीटर उचलावी लागली. १०० भागिले २.५ म्हणजे ४०. तेव्हा आमच्या वाघिणीला होणारा विरोध तिच्या वजनाच्या चाळिसाव्या भागाएवढा होता. चांगल्या बेअरिंगच्या खऱ्या वाघिणीला मंद वेगात हा विरोध वजनाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा असतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती सहज फिरते, ते पाहा. आमचा आस पुठ्ठ्याच्या भोकात फिरत होता. दहापट फरक पडणारच.

आता यार्डात काय होते, ते पाहू. इंजिन वाघिणीला ताशी १० किलोमीटर वेगाने ढकलते आणि सोडून देते. ती किती दूर जाईल? वेगाचा वर्ग घ्या आणि त्याला विरोधामुळे होणाऱ्या ऋण प्रवेगाच्या दुपटीने भागा; हे सूत्र तुम्ही नववीत शिकलात. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. ऋण प्रवेग ९.८१ चा चारशेवा भाग. उत्तर येते १५७ मीटर.

प्रतिकृतीत हे अंतर ८७ पट कमी, म्हणजे १ मीटर ८० सेंटिमीटर यावे, अशी आपली अपेक्षा. पण वेग ८७ पट कमी झाला की त्याचा वर्ग ७,५६९ पट कमी होतो. वर विरोध दहापट जास्त. म्हणजे अंतर पाऊण लाख पटींनी घटले. आमची वाघीण इंजिनाने सोडल्यावर किती पुढे जाईल? दोन मिलिमीटर! मुलांचा विश्वास बसेना. त्यांनी प्रयोग केला, आणि खरोखरच इंजिन थांबले की वाघीणही जागच्या जागी थांबली.

आम्ही सगळे ८७ ने भागले, पण गुरुत्वत्वरणाला कोण भागणार? पृथ्वी तीच, ९.८१ ही तेच. म्हणून उंचवट्यावरून वाघिणी घरंगळत सोडण्याचे जे मोठे यार्ड असते, ज्याला 'हंप यार्ड' म्हणतात, त्याची हुबेहूब प्रमाणातली प्रतिकृती चालत नाही. उतार फार तीव्र करावा लागतो. वाघिणीच्या छतावरून, साडेतीन मीटरांवरून पडलेले पोते खाली यायला ०.८४ सेकंद लागतात. प्रतिकृतीतले पोते चार सेंटिमीटरांवरून ०.०९ सेकंदात पडते. चित्रपटात प्रतिकृतीच्या गाडीचा अपघात खोटा वाटू नये म्हणून तो मंदगतीने का दाखवतात, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

त्या वृद्ध गृहस्थांना ही आकडेमोड दाखवली. त्यांनी मान हलवली आणि सांगितले की सोडलेली वाघीण कुठे थांबेल हे त्यांना तिच्या चाकांच्या आवाजावरून कळायचे. आमच्या वाघिणीला आवाजच नाही, हीही एक उणीव त्यांनी दाखवली.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. इंजिनात १२ व्होल्टची एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर असते. एक रूळ धन, दुसरा ऋण; चाकांतून प्रवाह मोटरला मिळतो. इंजिन अडले तर नव्वद टक्के वेळा दोष रुळावरच्या मळाचा असतो. स्पिरिटमध्ये भिजवलेले फडके फिरवा. जेथे धन आणि ऋण रूळ सांध्यात एकमेकांना छेदतात, तेथे प्लॅस्टिकचा तुकडा घालून ते अलग करावे लागतात, नाहीतर मंडल लघुपथित होते. वीज घरातल्या जोडणीतून थेट घेऊ नका, बॅटरी किंवा तयार ॲडॅप्टरच वापरा. आणि इंजिन मिळाले नाही, तर हाताने ढकला. पुढच्या खेळाला इंजिन लागत नाही.

सहा हजार सातशे वीस

इंग्लंडमधील अॅलन राइट या हौशी कारागिराने तेथल्या किलहॅम नावाच्या खऱ्या सायडिंगांवरून एक छोटी प्रतिकृती बनवली होती. तिचे नाव 'इंगलनुक सायडिंग्ज'. तीन सायडिंगा: एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. तिन्ही जेथे एकत्र येतात, त्या पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांपैकी पाच डोळे मिटून उचलायच्या, आणि उचलल्या त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब सायडिंगवर लावायच्या. वाघिणीला हात लावायचा नाही, फक्त रुळांवरून हलवायची.

आमच्या छोट्या मार्गाचा आराखडा आम्ही याच बेताने बसवला, कारण फळ्यावरच्या खडूच्या रेघांतही धक्क्याची लांब सायडिंग आणि दोन आखूड अशीच रचना होती. किती वेगवेगळे हुकूम निघू शकतात? पहिली चिठ्ठी आठ प्रकारे, दुसरी सात, मग सहा, पाच, चार. गुणाकार ६,७२०. रोज एक कोडे सोडवले तर अठरा वर्षे पुरतील.

आमच्या चिठ्ठ्यांवर आकडे नाहीत. 'डाळ, लातूर' , 'कापूस, बार्शी', 'रिकामी, पंढरपूर' असे लिहिले आहे. पहिल्या दिवशी मुलांना एका हुकुमाला पाऊण तास लागला. त्या गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली, दोन मिनिटे नुसते रुळांकडे पाहिले आणि नऊ मिनिटांत गाडी जुळवली. मुलांनी युक्ती विचारली, तर म्हणाले, "शेवटची वाघीण कोणती लागणार, ते आधी बघायचं. अन् पुढचा तुकडा कधी भरून बसायचा नाही, पोरांनो."

तुमच्या गावच्या यार्डाची प्रतिकृती करायची असेल, तर एक ताकीद. परवानगीशिवाय रुळांवर जाऊ नका. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि सोडलेली वाघीण जवळजवळ आवाज न करता येते. स्टेशन मास्तरांना शिक्षकांबरोबर जाऊन भेटा. फलाटावरून आणि पादचारी पुलावरूनही बरेच मोजता येते. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात, म्हणजे एका स्लीपरपासून दुसरा ६० सेंटिमीटरांवर. यार्डात ते विरळ असू शकतात, तेव्हा फलाटालगत एकदा अंतर ताडून घ्या. कोळसा वाहणारी 'बॉक्सएन' वाघीण १०.७ मीटर लांब. तिच्या सायडिंगवर अशा किती उभ्या आहेत ते मोजलेत की लांबी मिळाली. उपग्रहचित्रावरही अंतर मोजता येते. पण कोणती वाघीण कोठून येते, कोठे थांबते आणि पुढे कोठे जाते, हे वरून दिसत नाही. त्यासाठी दिवसभर बसून वहीत वेळ आणि हालचाल टिपा. आराखड्याआधी ही वही भरा.

आमच्या फळीवर अजून एक जागा कोरी आहे. मालधक्क्यावर माल झाकायला छप्पर किती लांब होते आणि त्याला खांब किती, याबद्दल आमच्या मार्गदर्शकांची आणि त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची आठवण जुळत नाही. एकजण सहा खांब सांगतो, दुसरा आठ. दोघांनाही चहा पाजून झाला आहे. बार्शी, माढा, पंढरपूर या बाजूला तुमचे आजोबा किंवा शेजारी छोट्या गाडीवर कामाला असतील, त्यांनी त्या धक्क्यावर पोती उचलली असतील, तर त्यांना आज संध्याकाळीच विचारा आणि संपादकांच्या पत्त्यावर कळवा. तोपर्यंत आम्ही छप्पर चिकटवलेले नाही, नुसते वर ठेवले आहे.